पुनवेखालची ओहोटी

रेवस,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया, गुरुवार

तीर्थरूप काशीताईस,

धाकट्या मोरूचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. माझी कंबर तुला ठाऊक आहे.) तुझा उजवा गुडघा कसा आहे, आणि डावा, ज्याची तू कुणाजवळ तक्रार करत नाहीस पण जिना उतरताना ज्याला शिव्या देतेस, तो कसा आहे, ते सविस्तर कळव. दाजींचा खोकला गेला का, ट्रेलरला नवा ड्रायव्हर मिळाला का, आणि मिळाला असल्यास दाजी त्याला गाडी चालवू देतात का, तेही कळव. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण सख्ख्या बहिणीला खोटं कशाला लिहू? चौतीस वर्षं मी रेवसच्या धक्क्यावर तिकिटं फाडली, बोट बुडताना पाहिली, लग्नाचं वऱ्हाड चुकीच्या लाँचमध्ये बसलेलं पाहिलं, पण गेल्या पंधरा दिवसांत घरात बसून जे पाहिलं त्याने माझी बोलतीच बंद झाली आहे. (कमळ म्हणते, कुठे बंद झालीय? तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. आज तिचा मार्गशीर्षातला गुरुवार आहे, उपास आहे, आणि मला सकाळपासून साबुदाणा मिळतो आहे.)

फोन का केला नाही, असं म्हणशील. आपल्या घरात फोनवर बोललेलं मधल्या खोलीत ऐकू जातं आणि मधल्या खोलीत मृणाली बसलेली असते. म्हणून हे पत्र. ते करंजाच्या बोटीने ओळखीच्या हाती पाठवतो आहे. वाचून फाडून टाक, दाजींना वाचून दाखवू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझी भाची कॉम्प्युटरवर उजेड पाडायचं काम करते हे तुला माहीत आहे. म्हणजे सिनेमातली माणसं, घरं, समुद्र दुसऱ्या कुणी कॉम्प्युटरमध्ये करून ठेवलेले असतात आणि त्यांच्यावर ऊन कुठून पडेल, दिवा कुठे लागेल, हे आपली मृणाली ठरवते. आजवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली किरकोळ खिडक्याबिडक्या उजळत होती. या खेपेला पहिल्यांदाच एक आख्खी रात्र तिच्या एकटीच्या हवाली केली. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, कोकणातला बोटीचा धक्का आहे (तो तिने आपल्या रेवसवरूनच सुचवला), मध्यरात्र आहे, आणि एक बाई नवऱ्याच्या बोटीची वाट बघत उभी आहे. हिचं कंत्राट या महिनाअखेरीला संपतंय. ही रात्र पास झाली तर पुढचं काम, नाही झाली तर घरी. एवढं साधं गणित होतं आणि त्यात मी आणि नजमुद्दीनने पाय घातला.

पण आधी पहिल्यापासून सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी बारा वाजता मी मधल्या खोलीत गेलो तर खिडक्यांना कमळच्या दोन गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या, पंखा चालू, आणि पोर अंधारात डोळे फाडून बसलेली. मला वाटलं, डोकं दुखतंय. मी बाम आणायला वळलो. तर म्हणाली, बाबा, रात्र करतेय. बाहेर ऊन रणरणतंय, अंगणात सुकटीला माश्या घोंगावताहेत, आणि माझी मुलगी घरात बसून रात्र करतेय. हा पहिला धक्का. पडद्यावर पाहिलं तर सगळं काळंठिक्कर. मी म्हटलं, झाली की रात्र, आता जेवायला ऊठ. त्यावर ती हसली आणि म्हणाली, एवढा काळोख दाखवला तर लोकांना वाटेल थिएटरची वीज गेली. काळोख दिसायला आधी उजेड करावा लागतो. हे वाक्य मी दोन दिवस पोटात घेऊन फिरत होतो, पचलं नाही.

मग तिने आकाशात चंद्र टांगला. छान वाटोळा, थेट डोक्यावर. तोवर ठीक होतं. नंतर कळलं की तो चंद्र नुसता चिकटवलेला आहे, त्याचा उजेड पडतच नाही. चांदणं पाडणारा दिवा वेगळाच, तो डाव्या हाताला कुठेतरी लपवलेला. म्हणजे चंद्र एकीकडे आणि चांदणं दुसरीकडून. मी विचारलं, हे लोकांना कळत नाही? ती म्हणाली, कोणी बघत नाही, बाईचा चेहरा दिसतोय एवढंच बघतात. शिवाय ते चांदणं निळं. ताई, मी त्या रात्री (शुद्ध दशमी होती, चांदणं लख्ख) अंगणात माझी पांढरी लुंगी पसरून पाऊण तास बघत बसलो. लुंगी निळी झाली नाही. शेजारच्या बंगल्यातल्या पाहुण्यांनी मात्र माझे फोटो काढले.

पुढे तर कहरच. तिच्याकडे एक दिवा आहे, तो फक्त त्या बाईवर पडतो, तिच्या मागच्या भिंतीवर पडत नाही. समोर लावा, मागे लावा, भिंतीला त्याची खबरच नाही. आणि दुसरा एक दिवा आहे तो उजेड देत नाही, उजेड खातो. जिथे ठेवाल तिथला प्रकाश कमी करतो. माझ्या अंगावर काटा आला. (नंतर असंही मनात आलं की शेजारच्या बंगल्याचा हॅलोजन रात्रभर आमच्या उशीवर पडतो, त्याच्यासाठी असला एखादा विकत मिळतो का. पण ते दिवे कॉम्प्युटरच्या बाहेर येत नाहीत असं कळलं.) हा खाणारा दिवा तिने कुठे ठेवला होता ठाऊक आहे? तिकिटाच्या खिडकीवर. त्या धक्क्यावर तिकिटाची खिडकी आहे, आत एक मास्तर बसलेला आहे, आणि माझ्या पोटच्या पोरीने त्याला काळोखात ढकललं. मी म्हटलं, अगं, आमच्या खिडकीत पेट्रोमॅक्स असायची, लांबून करंजाहून दिसायची. तर म्हणाली, बाबा, खिडकी उजळली तर नजर मास्तरकडे जाते, बाईकडे जात नाही. आता नजर मास्तरकडे गेली तर बिघडलं काय, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

आणि धक्का ओला. पाऊस नाही, लाट नाही, तरी फरशी चकचकीत ओली, कारण ओल्या जमिनीत कंदील छान दिसतो म्हणे. ओल्या धक्क्यावर माणसं घसरतात, ताई. घसरलेल्या प्रत्येक माणसाचा अर्ज मी तीन प्रतींत भरलेला आहे. पण तेही मी गिळलं. कॉम्प्युटर असलं एकेक चित्र शिजवायला चार चार तास घेतो, तशी चोवीस चित्रं झाली की पडद्यावर एक सेकंद होतो, आणि मध्येच वीज गेली की पोरगी देवासमोर बसल्यासारखी इन्व्हर्टरसमोर बसते. तिची मेहनत दिसत होती. म्हणून गप्प होतो.

रविवारी संध्याकाळी तिने मला सगळं चित्र पहिल्यांदा एकत्र दाखवलं. तोवर तुकडे दाखवायची, एकदा बाई, एकदा कंदील. मी बघतो तर वर डोक्यावर पुनवेचा चंद्र, म्हणजे वेळ मध्यरात्रीची. आणि खाली खाडी सुकलेली. होड्या चिखलात कलंडलेल्या, पार शेवटची पायरी उघडी. पुनवेच्या मध्यरात्री ओहोटी! मला दरदरून घाम फुटला. तुला सांगायला नको, आपल्या आबांनी चालायला शिकवायच्या आधी तिथीची पाऊणपट शिकवली होती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता भरती, बाराला सुकती. पुनव-अवसेला अकरा-बाराच्या सुमाराला भरती, तीही उधाणाची, पाणी वरच्या पायरीला लागतं. मिठागरात बांध फुटायचे ते कुठल्या तिथीला हे आपल्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आणि त्याच घरातल्या मुलीने पुनवेखाली ओहोटी लावली. त्या रात्री मी झोपलो नाही. कमळला उठवून सांगितलं. ती कूस बदलून म्हणाली, "चांद डोक्यावं नि खाडी सुकलेली? असा कवा झाला हाय?" आणि झोपली. म्हणजे झोपेतसुद्धा तिला कळलं.

तरी मी शहाणपणाने वागलो. एकट्याच्या मतावर पोरीच्या कामाला कशाला नाव ठेवा, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला नजमुद्दीनला घेऊन आलो. चाळीस वर्षं लाँचचा तांडेल होता, मुलगा कैस त्याला मस्कतला बोलावतो तर तिथली भरती आपल्याला समजत नाही म्हणून जात नाही. असा माणूस. आम्ही मधल्या खोलीत शिरलो. पडद्यावर ते चित्र होतंच. एका कोपऱ्यात चौकटीत एका बाईंचा फोटो होता. मृणालीने आम्हाला बघून जोरजोरात हात हलवला. मला वाटलं, बसा म्हणतेय. आम्ही बसलो. नजमुद्दीनने चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेलं, बोटांच्या पेरांवर तिथी मोजली, आणि समुद्रावर ओरडायची सवय असलेल्या आवाजात म्हणाला,

"मोरूभाई, हे पानी ह्या चांदाचं न्हाय."

त्यावर कोपऱ्यातला फोटो हलला आणि त्याने विचारलं, हे कोण बोललं?

ताई, तो फोटो नव्हता. त्या अमिषाबाई, सिनेमाच्या दिग्दर्शिका, मुंबईहून मृणालीचं काम तपासत बसलेल्या. मृणालीने सांगितलं की बाबा आहेत. बाईंनी विचारलं, पाण्याचं काय म्हणताहेत? आता तू माझा स्वभाव जाणतेस. चौतीस वर्षं खिडकीतून कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, ही माझी नोकरी. विचारल्यावर गप्प बसणं मला शिकवलेलंच नाही. मी तिथीची पाऊणपट सांगितली. उधाण सांगितलं, भांगाची अर्धवट भरती सांगितली, मध्ये आबांचं सांगितलं, बांध फुटला त्या सालचंही सांगितलं. नजमुद्दीन प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत होता. मृणालीने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. तिला आनंद झालाय असं मला वाटलं.

अमिषाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की या सिनेमात बाईच्या चोळीची गाठ, कंदिलाची काच, होडीचा खिळा, सगळं जाणकारांकडून तपासून घेतलं आहे. आता चंद्र आणि पाणी जुळत नाही हे कळल्यावर मला ते बघवणार नाही. पाणी आणि चिखल हैदराबादच्या ऑफिसातल्या लोकांनी तीन आठवडे खपून केलेले, ते बदलता येणार नाहीत. तेव्हा चंद्र बदला. बुधवारी रात्रीपर्यंत नमुन्याचं एक चित्र हवं, शुक्रवारी निकाल. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, ही रात्र हैदराबादला देऊन टाकते. मृणालीने जमवते म्हणून सांगितलं. पडदा बंद झाला. पोरगी माझ्याकडे वळली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, इतके दिवस मी हा चंद्र लावत होते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर अबोला. पण काम तर अडलेलं, आणि तिथीवाला माणूस घरात एकच. मग सगळं कमळमार्फत. एकाच खोलीत तिघं बसलेलो, आणि मृणाली म्हणणार, आई, बाबांना विचार, मध्यरात्री ओहोटी असेल तर तिथी कुठली. कमळ माझ्याकडे बघणार. मी सांगणार, अष्टमी. शुद्ध घेतलीस तर चंद्र मावळतीला, वद्य घेतलीस तर उगवतीला, करंजाच्या डोंगरामागून वर येताना. कमळ तिला सांगणार, "वद्य घे गो, मावळतीला कंच्या बोटीची वाट बघायची?" परत प्रश्न, आई, बाबांना विचार, उगवताना त्याची उजळ बाजू कुठली. खालची, मी म्हटलं, वाटी ठेवल्यासारखी. हे तिने लिहून घेतलं. भात वाढतानासुद्धा हेच चाललं होतं आणि कमळने शेवटी चिडून दोघांनाही आमटी न विचारता वाढली.

मंगळवारी दुपारी मात्र ती आपण होऊन ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसली. समोर खाडीपलीकडे तुझं उरण. म्हणाली, बाबा, तिकडचे बंदराचे दिवे नव्हते तेव्हा तो डोंगर रात्री कसा दिसायचा? ताई, ही इथे जन्मली, वाढली, आणि हिने तो काळोख पाहिलेलाच नाही. हिच्या जन्माआधीच तुमच्याकडचं आभाळ रात्रभर नारिंगी झालेलं. मी हिला बोटीचं वेळापत्रक शिकवलं, पापलेट ओळखायला शिकवलं, आणि ही साधी गोष्ट कधी सांगितली नाही, कारण ती सांगायची असते हेच सुचलं नव्हतं. सगळ्या धक्क्यांत हा मला जास्त लागला. मग सांगितलं. डोंगर दिसायचाच नाही, म्हटलं, नुसत्या चांदण्या जिथे संपतात तिथे डोंगर आहे असं समजायचं. मग त्याची कड तांबूस व्हायची, मग चंद्र यायचा तो घासलेल्या परातीच्या रंगाचा, आणि चिखलावर एकच पट्टा उजळायचा. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाचा एक गाल दिसायचा, दुसरा नाही. ती ऐकून आत गेली. काल रात्रीपर्यंत बाहेर आली नाही.

काल पाठवायच्या आधी मला हाक मारली. डोक्यावरचा चंद्र गेला होता. ते निळं चांदणं गेलं होतं, भिंतीला न कळणारा दिवा गेला होता. डोंगराच्या कडेला तांबूस अर्धुक, चिखलावर पट्टा, आणि त्या बाईचा एकच गाल. बस. बाकी काळोख, आणि तरी सगळं दिसत होतं. अशा बाया मी खिडकीतून पाहिलेल्या आहेत, ताई. बोट आली का मास्तर, असं विचारायच्यासुद्धा नाहीत, नुसत्या उभ्या असायच्या. मला तिला शाबास म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, धक्का अजून ओला आहे. ती हसली आणि तिने बटण दाबलं. उद्या निकाल. नापास झाली तर दोष माझा, हे मी देवाला सांगून ठेवलं आहे. तूही तुझ्या देवाला सांग.

तुझा,
मोरू

ता. क. (शुक्रवार, वद्य तृतीया.) काल बोट चुकली म्हणून पत्र इथेच राहिलं. आता आजची गाठायची. सकाळी फोन आला, रात्र पास झाली. अमिषाबाईंनी ते चित्र तीनदा बघितलं आणि त्यांच्याकडच्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कमळने कालच्या उपासाचं उट्टं काढत बांगडे तळले. नजमुद्दीनही जेवायला होता. आता एक गोष्ट फक्त तुला सांगतो. ते चित्र अजून चुकलेलं आहे. अष्टमीला भांग असतं, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही, शेवटची पायरी उघडी पडेलच कशी? हे मला मंगळवारीच कळलं होतं. नजमुद्दीनला आज जेवताना कळलं. तो मृणालीला सांगायला "पण बेटा," असं म्हणाला, तेवढ्यात मी ताटाखालून त्याचा पाय दाबला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणखी एक बांगडा घेतला आणि गप्प बसला. आबा असते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

आणखी एक. पत्र लिहायचं खरं कारण काल मला ठाऊक नव्हतं, ते आता झालं. बाईंनी तिला नुसतं पुढचं काम दिलेलं नाही. पुढच्या सिनेमातल्या सगळ्या रात्री तिच्याकडे, तिच्या हाताखाली बारा माणसं, पण बसायचं हैदराबादला, निदान दोन वर्षं. घरून चालणार नाही. मृणालीने फोनवरच नाही म्हणून सांगितलं. मला आणि कमळला विचारलंसुद्धा नाही. आई-बाबा इथे एकटे आहेत म्हणाली. आम्ही दोघं एकटे कसे, हे मला कळलं नाही, पण तिच्या बोलण्यातून मला एवढं कळलं की पोरीला जायचं आहे आणि आमच्यापायी जात नाही. बाईंनी सोमवारपर्यंत विचार कर म्हटलं आहे. मी सांगायला गेलो तर माझा आवाज मला दगा देईल आणि ती ओळखेल. तुझा शब्द ती मोडत नाही. तेव्हा तू तिला फोन कर आणि जा म्हणून सांग. आमची काळजी करू नको म्हणावं, बाबांना तर तुझ्या गोधड्या ठोकलेल्या खोलीचा कंटाळाच आला आहे म्हणावं.

आणि ताई, एकदाच सांग. नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नकोस.